घासलेली रिम आणि रोजची गाडी

आपल्याकडे गाडीची चाकं घासतात ती बहुतेक डावीकडची. चालक बसतो उजवीकडे, फुटपाथ असतो डावीकडे, आणि मधल्या चार-पाच फुटांचा अंदाज आरशावर आणि नशिबावर सोडलेला असतो. त्यातही मागचं डावं चाक जास्त मार खातं. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती कोपरा कापत आतून जातात. त्यामुळे पुढचं चाक फुटपाथच्या कडेपासून सुखरूप सुटलं म्हणून आपण निर्धास्त होतो आणि नेमका त्याच वेळी मागून 'कर्रर्र' असा आवाज येतो. खाली उतरून बघावं तर ॲलॉयच्या कडेला वीतभर खरवडलेलं, आणि त्यात फुटपाथच्या दगडांना दिलेल्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा रंग भरलेला.

पूर्वी हे इतकं होत नसे, कारण टायर जाड होते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचला की हिशेब कळतो. 165/80 आर 14 म्हणजे टायरची रुंदी 165 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटर. 185/65 आर 15 मध्ये ही भिंत 120 मिलिमीटरवर येते, आणि 195/55 आर 16 मध्ये 107 वर. चाक मोठं आणि टायर बारीक दिसला की गाडी रुबाबदार दिसते खरी, पण रिम आणि फुटपाथ यांच्यामधलं रबर तेवढंच कमी होतं. मुंबई-पुण्यात सिमेंटचे रस्ते, उंच दुभाजक, सोसायटीच्या तळघरात उतरणारे चिंचोळे रॅम्प यांची भर पडली आणि घासलेली रिम ही घरोघरची तक्रार झाली.

घासलेल्या जागेकडे बघून हळहळण्याआधी टायर बघा. रंग गेला तर फक्त दिसायला वाईट, टायर गेला तर जिवाशी गाठ. टायरच्या बाजूवरून तळहात सावकाश फिरवा. कुठे फुगा हाताला लागला तर आतले दोरे तुटले आहेत आणि हवेचा दाब रबराला बाहेर ढकलतो आहे असं समजा. याला दुरुस्ती नाही. पंक्चरवाला 'चालेल अजून सहा महिने' म्हणाला तरी तो टायर घेऊन एक्सप्रेसवेवर जाऊ नका, बदलाच. बाजूला चीर पडून आतले दोरे दिसत असतील तरी हाच नियम. नुसतं रबर वरवर खरवडलं असेल तर काळजीचं कारण नाही.

मग रिमची आतली बाजू. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकाची आतली कड दिसते, मागच्यासाठी जरा वाकावं लागतं. कड चेपली आहे का, बारीक तडा आहे का, ते टॉर्च मारून बघा. टायरची हवा दर आठ-दहा दिवसांनी कमी होत असेल तर रिम आणि टायर जिथे भेटतात तिथे साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले की गळती सापडली. ऐंशीच्या पुढे वेग गेल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं तर रिम वाकली असण्याची शक्यता आहे किंवा बॅलन्सिंगचं वजन निघून पडलेलं असतं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहत असेल तर अलाइनमेंट करून घ्या. हे सगळं ठीक असेल तरच पुढचं वाचा.

तड्याबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. ॲलॉयचं चाक म्हणजे ॲल्युमिनियममध्ये थोडं सिलिकॉन आणि मॅग्नेशियम घालून ओतलेलं, आणि नंतर ठरावीक तापमानाला भाजून कणखर केलेलं चाक. तड्यावर वेल्डिंग केलं की त्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूचा हा कणखरपणा जातो. वरून घासून रंग मारला की जोड दिसत नाही, पण शेजारचा भाग कमजोर झालेला असतो, आणि पुढच्या खड्ड्यात चाक तिथेच बोलतं. असं वेल्डिंग करून देणारे गल्लोगल्ली आहेत, स्वस्तही देतात. घेऊ नका. तडा गेलेलं चाक भंगारातच जायला हवं.

आता आपलं चाक कोणत्या जातीचं आहे ते ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो.

साधं लोखंडी चाक आणि त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर तुमच्यासारखे सुखी तुम्हीच. कव्हर घासलं तर नवं आणा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला हवं ते मापाने मिळतं. बसवताना दोन ठिकाणी प्लॅस्टिकच्या झिप टायने चाकाला बांधून टाका, नाहीतर पहिल्या मोठ्या खड्ड्यात ते उडून रस्त्याच्या कडेला जातं. लोखंडी चाकालाच गंज चढला असेल तर तारेच्या ब्रशने गंज काढून, प्रायमर आणि काळा रंग मारला की काम झालं.

एकाच रंगाचं ॲलॉय, म्हणजे सगळं चाक चंदेरी, राखाडी किंवा काळं, हे घरी दुरुस्त करता येतं. या लेखाचा मोठा भाग त्याच्याविषयी आहे.

तिसरी जात दुरंगी ॲलॉयची. आतल्या खाचा काळ्या आणि वरचा चेहरा उघड्या धातूसारखा चकचकीत. याला डायमंड कट म्हणतात. जवळून बघितलं तर त्या चकचकीत भागावर ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक गोल रेषा दिसतात. चाक लेथवर फिरवून हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने वरचा थर कापलेला असतो आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकर असतं. हे घरी जुळवता येत नाही. पॉलिश पेपर मारला की रेषा जातात आणि तेवढाच डाग दुरून ओळखू येतो. संगणकी लेथ असलेल्या दुकानातच द्यावं लागतं, आणि तिथेही दर खेपेला थोडा धातू कापला जातो, त्यामुळे एकाच चाकाला हे वारंवार करता येत नाही. किनारपट्टीवर तर आणखी एक दुखणं. लॅकरला एकदा चीर पडली की खारी दमट हवा आत शिरते आणि लॅकरखाली पांढऱ्या वळवळत्या रेषा पसरत जातात. रत्नागिरी, मालवण, पणजी, वसई-विरार इथल्या गाड्यांवर हे हमखास दिसतं. रोजच्या गाडीला डायमंड कट हा विनाकारणचा शौक आहे असं माझं मत. घासून घासून कंटाळा आला असेल तर चारही चाकं एकाच गडद राखाडी रंगात पावडर कोटिंग करून घ्या आणि मोकळे व्हा.

आता घरच्या दुरुस्तीकडे. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या कोरड्या सकाळी सगळ्यात चांगलं होतं. पावसाळ्यात करूच नये. हवेत ओल जास्त असली की लॅकर सुकताना ती ओल पकडतं आणि वर दुधासारखी पांढुरकी साय येते. मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी उलटी अडचण होते. रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि चाकावर रवाळ बसतात.

सामान फार नाही. बारीक दातांची कानस, 240, 400, 600 आणि 1000 नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, धातूवर चालणारा प्रायमर, चाकाच्या रंगाचा स्प्रे आणि पारदर्शक लॅकरचा स्प्रे. खोल खळगे असतील तर ॲल्युमिनियमची पूड घातलेली इपॉक्सी पुट्टी. वर्तमानपत्रं घरात असतातच. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. दोन भाग मिसळून वापरायचं टणक लॅकर मिळतं आणि ते टिकतंही जास्त, पण त्यात आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे. साधा मास्क त्याला पुरत नाही, म्हणून घरी नको. बाल्कनीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करताना शेजारच्याची पांढरी गाडी किती लांब आहे तेही बघा. स्प्रेची धूळ वाटते त्याहून दूर जाते.

चाक काढलंत तर काम सोपं होतं, पण काढलंच पाहिजे असं नाही. काढणार असाल तर सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, तिरक्या समोरच्या चाकाला लाकडी ठोकळा लावून काढा. नट आधी सैल करा, मग जॅक चढवा. जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. आणि स्टेपनी लावून गाडी पुन्हा खाली टेकवूनच रंगकामाला लागा, तासन् तास गाडी जॅकवर उभी ठेवण्यात अर्थ नाही.

सुरुवात धुण्याने. ब्रेकमधून उडणारी काळी पूड म्हणजे लोखंडाचे सूक्ष्म कण आणि डांबरासारखा चिकट पदार्थ. ती चाकाच्या कानाकोपऱ्यात बसते आणि राहिली तर तिच्यावर रंग धरत नाही. शाम्पूच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने ती काढा. फुटपाथचा पिवळा रंग नुसता वर चिकटला असेल तर थोड्या रबिंग कंपाउंडने तो निघतो. कित्येकदा एवढं केल्यावरच लक्षात येतं की खरं नुकसान वाटलं त्याच्या निम्मंच आहे. मग ती जागा अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवा आणि त्यानंतर तिला बोट लावू नका.

टायर झाकायला माझ्या मते सगळ्यात उत्तम वस्तू म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. टायरची हवा थोडी कमी करा, पत्रिकेचे तीन-चार बोटं रुंद तुकडे कापा आणि टायर आणि रिम यांच्यातल्या फटीत एकावर एक चढवत खोचत जा. जाड कागद उभा राहतो, रंग टायरवर जात नाही आणि रिमच्या अगदी कडेपर्यंत स्प्रे पोचतो. टेपने हे कधीच नीट होत नाही. पत्त्यांचा जुना कॅट असेल तर तोही चालतो. हवेचा व्हॉल्व्ह आणि मधलं कंपनीचं चिन्ह टेपने झाकून टाका.

आता खरवडलेली कड बघा. दगडाने धातू नुसता खरवडला जात नाही, तो एका बाजूला ढकलला जातो आणि कडेवर कुसळांसारखी धार उठते. हात कापतो तो तिथेच. ही उठलेली धार कानशीने हलक्या हाताने, एकाच दिशेने उतरवा. रिमचा गोलवा बिघडवायचा नाही, फक्त वर आलेला धातू खाली बसवायचा आहे. मग 240 चा पेपर पाण्यात भिजवून घासा. इथे लोक घाई करतात. पेपर फक्त जखमेवर न फिरवता आजूबाजूच्या चांगल्या रंगावरही दोन बोटं बाहेरपर्यंत फिरवायचा असतो, म्हणजे जुन्या रंगाची पायरी उतरती होते. परीक्षा नखाची. डोळे मिटून नख उघड्या धातूवरून रंगाकडे सरकवा. अडखळलं तर पायरी अजून आहे. ही पायरी तशीच ठेवून कितीही महागाचा रंग मारलात तरी ऊन तिरकं पडलं की ती जागा ओरडून सांगते. नख अडेनासं झालं की 400 आणि शेवटी 600. लोखंडी तारेचा ब्रश किंवा भांडी घासायचा लोखंडी काथ्या ॲल्युमिनियमला लावू नका. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे रंगाखालून गंजाचे ठिपके उठतात.

नुसत्या घासण्याने जे खळगे जात नाहीत त्यांना पुट्टी. इपॉक्सीचे दोन भाग सांगितलेल्या प्रमाणात मिसळा, पातळ पत्र्याने दाबून भरा, जरा वरच राहू द्या आणि पूर्ण कडक झाल्यावर पुन्हा त्याच क्रमाने घासा. डेंटिंगवाले पत्र्यावर भरतात ती नेहमीची लांबी चाकाच्या कडेला फार टिकत नाही. आणि मोठा लचका निघाला असेल, कडेचा धातूच गेला असेल, तर पुट्टीने रूप येईल, ताकद येणार नाही. अशा चाकाचा निर्णय दुकानात दाखवूनच घ्या.

प्रायमरचे दोन पातळ थर द्या. डबा दोन मिनिटं हलवा, वीतभर अंतरावर धरा आणि हात चालू असतानाच दाबा आणि सोडा. थांबलेल्या हाताने दाबलं की ओघळ आलाच. प्रायमर सुकला की 1000 च्या ओल्या पेपरने जेमतेम घासा. प्रायमरचं खरं काम इथे कळतं, कारण राहिलेला प्रत्येक ओरखडा त्या राखाडी रंगात उठून दिसतो. दिसला तर पुन्हा मागे जा. रंग चढल्यावर मागे जाणं जास्त जड जातं.

चंदेरी रंग फसवा असतो. बाजारात चंदेरीच्या अनेक छटा आहेत, आणि दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर जो रंगाचा कोड असतो तो गाडीच्या अंगाचा असतो, चाकाचा नव्हे. म्हणून आधी पुठ्ठ्यावर मारून, सुकवून, चाकाशेजारी उन्हात धरून बघा. ओला चंदेरी आणि सुकलेला चंदेरी यांतही फरक दिसतो. तीन-चार पातळ थर, मधे दहा-पंधरा मिनिटं. मग लॅकरचे दोन-तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा बाहेरपर्यंत. चोवीस तास गाडी हलवू नका आणि आठवडाभर त्या चाकावर प्रेशरचं पाणी मारू नका.

एक गोष्ट हौसेच्या भरात विसरली जाते. चाकाची पाठ जिथे हबला टेकते तिथे आणि नट बसतात त्या खोबण्यांत रंग जाता कामा नये. तिथला रंग दाबाखाली चिरडतो आणि घट्ट आवळलेले नट काही दिवसांनी सैल होतात. चाक परत लावताना नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा, गाडी खाली टेकवून शेवटचा जोर लावा. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नसतात, किती जोर लावायचा तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. शे-पन्नास किलोमीटर झाले की एकदा पुन्हा तपासा. कमी केलेली हवा भरायला विसरू नका, आणि उरलेला स्प्रेचा डबा मे महिन्यात डिकीत ठेवू नका. बंद गाडीच्या उष्णतेत तो फुटू शकतो.

एवढं सगळं करून चाक नव्यासारखं होईल का? हात लावून बघणाऱ्याला कळेल. चार पावलांवरून बघणाऱ्याला कळणार नाही, आणि रोजच्या गाडीकडे कुणी याहून जवळून बघत नाही. उघडा पडलेला धातू झाकला गेला, पुढचा पावसाळा आत शिरणार नाही, हा खरा फायदा.

दुकानात द्यायचं ठरवलंत तर दोन-चार प्रश्न आधी विचारा. टायर काढून काम करणार की तसंच टेप लावून? जुना रंग पूर्ण काढणार की वरून फवारणार? पावडर कोटिंग असेल तर भट्टीचं तापमान किती? पावडर बसवायला साधारण 180 ते 200 अंश लागतात आणि तेवढी उष्णता वारंवार दिलेली चाकाच्या धातूला मानवत नाही. शेवटी बॅलन्सिंग धरून भाव आहे का? आणि टायरमध्ये हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर ते काढायला आधीच सांगा, टायर उतरवताना ते मोडतात.

विम्याचा विचार मनात येतो, पण नुसत्या खरवडलेल्या रिमसाठी तो बहुतेक वेळा तोट्याचा ठरतो. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात 1000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये आपल्याच खिशातून जातात. शिवाय नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षी 20 टक्के असतो आणि दावा न केल्यास 25, 35, 45 असा चढत 50 पर्यंत पोचतो. पाच वर्षं जपलेला बोनस एका ओरखड्यावर उधळण्यापेक्षा स्प्रेचे तीन डबे स्वस्त पडतात.

पुन्हा घासू नये म्हणून डावा आरसा थोडा खाली झुकवा, म्हणजे मागचं चाक आणि फुटपाथची कड दोन्ही दिसतील. काही गाड्यांत रिव्हर्स टाकला की तो आपोआप झुकतो, तशी सोय असेल आणि बंद असेल तर चालू करा. डावीकडे वळताना पुढचं चाक कोपऱ्याच्या थोडं पुढे नेऊन मग वळा. फुटपाथवर चढावंच लागलं तर तिरके चढू नका, शक्य तितकं काटकोनात आणि अगदी सावकाश चढा. रिमच्या कडेला चिकटवायच्या रंगीत रबरी पट्ट्या मिळतात, त्या दोन धुण्यांत सुटतात आणि मग गाडी आणखीच गबाळी दिसते.

चाकं झाली की उरलेली गाडी डोळ्यांत खुपायला लागते. तिथे एक गोष्ट समजून घेतली की निम्मे खर्च वाचतात. गाडीची चमक तिच्या सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात असते आणि तो थर साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे फार तर मिलिमीटरचा विसावा भाग. रबिंग आणि मशिन पॉलिश म्हणजे तो थर थोडा घासून सपाट करणं. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला 'साहेब, रबिंग-पॉलिश टाकू का?' असं विचारलं की नको म्हणा. दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे. टेफ्लॉन कोटिंग या नावाखाली जे करतात ते बरेचदा काही महिन्यांत धुऊन जाणारं पॉलिश असतं. सिरॅमिक कोटिंग पाणी आणि धूळ घसरवतं, पण फुटपाथ, गोटे आणि शेजारच्या गाडीचं दार यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही.

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात काही तासांत रंगात उतरते. कोरडी खरवडू नका. ओला रुमाल पाच मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. झाडाच्या चिकालाही असाच धीर लागतो. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुवून उन्हात सुकू दिली की पांढरे गोल डाग उमटतात, म्हणून सावलीत धुवा आणि लगेच टिपून घ्या. तळघरातल्या छतातून ठिबकणाऱ्या चुनखडीच्या पाण्यावर पाणी मिसळलेलं पांढरं व्हिनेगर लावून लगेच धुतलं तर ताजे डाग जातात, जुने मात्र पॉलिशवाल्याकडेच न्यावे लागतात. दसऱ्याला झेंडूचा हार तारेने बांधू नका, दोऱ्याने बांधा, तारेने जाळीवर आणि बॉनेटच्या कडेवर चरे पडतात. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक पांढऱ्या गाडीवर रात्रभर राहिलं तर गुलाबी छाया मागे ठेवू शकतं. पूजा झाली की संध्याकाळी हळूच धुवून टाकलं तरी देव रागावत नाही.

बॉनेटवर एक्सप्रेसवेच्या खड्यांचे टवके उडालेले असतील तर गाडीच्या कोडचा टच-अप रंग आणून टूथपिकच्या टोकाने ठिपका भरा. इथे सुंदर दिसणं दुय्यम आहे. मुंबई-कोकणच्या हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंज धरतो. अलिबाग-मुरुडला जाऊन आलात की गाडीच्या पोटाखाली आणि मडगार्डच्या आत साधं पाणी मारून मीठ आणि वाळू काढा. पिवळे पडलेले हेडलाइट हे गाडी म्हातारी दिसण्याचं मोठं कारण, आणि ते घरी उजळतात. 800, 1500, 2000 असे ओले पेपर, मग पॉलिश, आणि शेवटी अतिनील किरणं अडवणारं लॅकर. हे शेवटचं लॅकर वगळून नुसतं पॉलिश केलं तर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो. टूथपेस्टचे प्रयोग त्याहून लवकर मावळतात. काळ्या प्लॅस्टिकला खोबरेल लावणारे पुष्कळ आहेत. दोन दिवस छान दिसतं, तिसऱ्या दिवशी त्यावर धुळीचा लेप बसतो.

आणि आता खऱ्या गुन्हेगाराकडे येऊ. गाडीवर उन्हात जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल ओरखड्यांची नक्षी दिसते ती रस्त्याने केलेली नसते, फडक्याने केलेली असते. सोसायटीत पहाटे गाड्या पुसल्या जातात तेव्हा एक बादली आणि एक फडकं रांगेतल्या सगळ्या गाड्यांना पुरतं. चौथ्या गाडीपर्यंत पाणी मातकट होतं, आणि त्यातले वाळूचे कण फडक्यातून पुढच्या प्रत्येक गाडीवर फिरत राहतात. कोरड्या धुळीवर झटकणी मारणाऱ्यांची गोष्ट वेगळी नाही. धूळ बसलेल्या गाडीपेक्षा रोज पुसलेली गाडी लवकर निस्तेज होते.

यात पुसणाऱ्याचा दोष नाही. पाच वाजल्यापासून थंडी-पावसात राबणाऱ्या माणसाला दर गाडीला पाणी बदलायला सोसायटी नळही मोकळा देत नाही. म्हणून ही व्यवस्था आपण करायची. मायक्रोफायबरची दोन जाड कापडं आणून द्या, एक अंगासाठी आणि एक फक्त चाकांसाठी, वेगवेगळ्या रंगांची. पुसण्याआधी गाडीवर मगभर तरी पाणी ओतायला सांगा. रोज पुसायची गरज नाही, काचा रोज आणि गाडी आठवड्यातून दोनदा पुरे, असं ठरवून टाका. पगार मात्र त्यापायी कापू नका.